बांबूचा ऑर्गन : एका छोट्या गावाने दोनशे वर्षं सांभाळलेलं वाद्य

७ डिसेंबर २०२४ ला पॅरिसचं नोत्र दाम हे जुनं कॅथेड्रल, म्हणजे मोठं मुख्य चर्च, पुन्हा उघडलं. एप्रिल २०१९ च्या आगीनंतरचा तो सोहळा आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिला. आम्ही घरात तिघीजणी टीव्हीसमोर बसलो होतो. एका टप्प्यावर आर्चबिशपनी, झोपलेल्या माणसाला उठवावं तशी, एका वाद्याला हाक मारली : जागा हो. वरच्या सज्जातून असा आवाज आला की आमच्या टेबलावरच्या वाटीत चमचा किणकिणला. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. मावशी पुढे सरकून म्हणाली, "अगं, पण वाजवतंय कोण? आणि पेटी कुठाय?"

तिचं विचारणं अगदी रास्त होतं. पडद्यावर दिसत होत्या त्या नुसत्या नळ्या, रांगाच्या रांगा. नोत्र दामच्या त्या मोठ्या ऑर्गनमध्ये जवळपास आठ हजार नळ्या आहेत आणि एकावर एक असे पाच कीबोर्ड. आगीत तो जळला नाही, पण छपराच्या शिशाची धूळ त्याच्यावर बसली होती. म्हणून तो उतरवला, साफ केला आणि परत उभा केला.

मावशीला हे समजावताना पॅरिसचा मला काही उपयोग होईना. आठ हजार नळ्या डोक्यातच मावत नाहीत. मग मी तिला दुसऱ्याच ऑर्गनची हकीकत सांगितली. तो फिलिपिन्समध्ये आहे, मनिलाच्या दक्षिणेला लास पिन्यास इथे, सेंट जोसेफच्या दगडी चर्चमध्ये. तो १८२४ मध्ये पुरा झाला आणि त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. मावशीचं सगळं आयुष्य कोकणात गेलेलं. बांबू म्हटल्यावर तिचा चेहराच बदलला. "बांबू? आणि दोनशे वर्षं? किडला नाही?"

तिचे पुढचे प्रश्नही असेच नेमके होते. तेच धरून लिहिते.

नाटकातला ऑर्गन तो हा नव्हे

मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. रंगमंचासमोर बसलेला ऑर्गनवाला, पायाने भाता मारणारा आणि दोन्ही हातांनी गाण्याला साथ देणारा. तो ऑर्गन, पायपेटी आणि आपली हातपेटी ही एकाच कुळातली भावंडं. तिन्हींच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. हवा गेली की पट्टी थरथरते आणि सूर निघतो. या वाद्यांत नळी नसते.

चर्चमधला मोठा ऑर्गन मुख्यतः नळ्यांचा असतो. त्यात घुमते ती नळीतली हवा. तेव्हा मनात पेटी न आणता बासरी आणा. एकच माणूस शेकडो बासऱ्या वाजवतोय; फुंकर तोंडाची नसून भात्याची आहे, आणि बोटं बासरीच्या भोकांऐवजी कीबोर्डवर आहेत.

एक नळी, एकच सूर

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की बाटली घुमते. थोडं पाणी भरलं की सूर चढतो. काच तीच, बाटली तीच; आतल्या हवेची जागा तेवढी कमी झाली. ऑर्गन समजायला एवढं पुरेसं आहे.

ऑर्गनची साधी नळी म्हणजे उभी ठेवलेली मोठी शिट्टी. खालून हवा येते, फटीतून निघून वरच्या धारेवर आपटते आणि नळीतल्या हवेचा खांब थरथरायला लागतो. नळी जितकी लांब तितका सूर खालचा. लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक उतरतो. साधारण दोन फुटांची उघडी नळी पेटीवरच्या मधल्या पांढरी एकचा सूर देते. चार फुटांची मंद्रात जाते. आठ फुटांची त्याच्याही खाली खर्जात, सेकंदाला सुमारे ६५ कंपनं, म्हणजे कानाइतकाच छातीत जाणवणारा आवाज. नळीचं वरचं टोक बंद केलं तर ती जवळपास एक सप्तक खाली बोलते. निम्म्या लांबीत काम होतं, म्हणून जागा आणि सामान वाचवायला ऑर्गन बांधणारे ही युक्ती सर्रास वापरतात.

बासरीत भोकं उघडून-झाकून आपण एकाच नळीतून सगळे सूर काढतो. ऑर्गनच्या नळीला तशी भोकं नसतात. ती जन्मभर एकच सूर बोलते. म्हणून कीबोर्डवर पन्नास पट्ट्या असतील तर पन्नास नळ्या लागतात. ही झाली एक रांग, एका जातीच्या आवाजाची : बासरीसारख्या मऊ, नाहीतर धारदार, नाहीतर तुतारीसारख्या. दुसऱ्या जातीचा आवाज हवा तर दुसरी रांग उभी करायची. कोणती रांग बोलेल हे ठरवायला वादकाच्या हाताशी लाकडी खुंट्या असतात, त्यांना स्टॉप म्हणतात. खुंटी ओढली की ती रांग तयार. पन्नास नळ्यांच्या वीस रांगा केल्या की हजार नळ्या झाल्या. मावशीने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "दिंडीसारखंच की. चोपदाराने चोप उचलला की सगळे गप्प, खाली केला की सगळे सुरू."

राहिली हवा. नळ्या ज्या लाकडी पेटाऱ्यावर उभ्या असतात त्यात भात्याची हवा दाबून भरलेली असते. पट्टी दाबली की त्या नळीखालची झडप उघडते. इमारतीच्या गच्चीवरची टाकी आठवा. एक नळ सोडला तर धार जोरात, दहा घरांनी एकदम सोडले तर सगळ्यांचीच बारीक. ऑर्गनमध्ये हे चालत नाही. दाब उतरला की सूर उतरतो. एक सूर वाजो वा तीस, हवेचा दाब हलू द्यायचा नाही, हे भाता बांधणाऱ्याचं खरं कसब. आज हे काम विजेचा पंखा करतो. १८२४ मध्ये माणूस करायचा, आडोशाला उभा राहून, सगळी प्रार्थना संपेपर्यंत.

हे चर्चमध्ये आलं कुठून

मुळात चर्चशी याचा संबंधच नव्हता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तच्या अलेक्झांड्रियात क्टेसिबिओस नावाच्या यंत्रज्ञाने पाण्याच्या वजनाने हवेचा दाब सारखा ठेवणारं नळ्यांचं वाद्य केलं. रोमनांनी ते खेळांच्या आखाड्यात वाजवलं. ७५७ मध्ये पूर्व रोमन, म्हणजे बायझंटाइन, सम्राटाने एक ऑर्गन फ्रँक राजा पेपिनला भेट पाठवला, आणि पुढच्या काही शतकांत तो युरोपातल्या मठांत आणि चर्चमध्ये स्थिरावला. स्पॅनिश धर्मगुरू जहाजांनी मेक्सिको आणि फिलिपिन्सला गेले, तेव्हा ही विद्याही त्यांच्याबरोबर गेली.

मिठागरांच्या गावात

दिएगो सेरा हे त्या धर्मगुरूंपैकी एक. १७६२ मध्ये स्पेनच्या वेस्का प्रांतातल्या ग्राउस या गावी जन्मलेले. १७९५ च्या शेवटी ते लास पिन्यासचे पहिले पॅरिश प्रीस्ट, म्हणजे गावच्या चर्चचे मुख्य धर्मगुरू, म्हणून आले. आज लास पिन्यास मनिला महानगरात विरघळून गेलंय, लोकसंख्या सहा लाखांवर आहे. तेव्हा ते खाडीकाठचं लहानसं गाव होतं. शेती, मासेमारी आणि मिठागरं. आपल्या उरण-पेणकडचं कुठलंही जुनं गाव डोळ्यांसमोर आणा.

सेरा नुसते प्रवचन देणारे धर्मगुरू नव्हते. त्यांच्या देखरेखीखाली गावात दगडी चर्च उभं राहिलं, रस्ते-पूल झाले. ऑर्गन बांधणं त्यांना आधीपासून येत होतं. मनिलाच्या कॅथेड्रलसाठीही त्यांनी ऑर्गन केला होता. म्हणजे धातूच्या नळ्या कशा करतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण बांबूचा ऑर्गन म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, जमलं नाही म्हणून बांबूवर भागवलं असेल. तसं मुळीच नाही. ऑर्गनच्या नळ्यांना लागतो कथील आणि शिसं यांचा मिश्रधातू. तो बाहेरून आणायचा, वितळवायचा, पत्रे ओतायचे, वळवायचे, डाग द्यायचे. आणि इथे दारात तयार नळी उगवलेली! गोल, पोकळ, हलकी. ज्याला दोन्ही गोष्टी कळतात अशा माणसाने डोळे उघडे ठेवून केलेली ही निवड आहे.

"किडला नाही?"

मावशीचा हा प्रश्न माझ्या मते या वाद्याच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

बांबूचा शत्रू म्हणजे त्याला आतून पोखरणारा बारीक भुंगेरा. आमच्या जुन्या घरात पडवीच्या कोपऱ्यात बांबूच्या काठ्या उभ्या असायच्या. सकाळी झाडताना त्यांच्या बुडाशी पिवळसर पिठाची बारीक ढिगुली दिसली की आजी म्हणायची, "लागली कीड." काठी हातात घेतली तर वरून धडधाकट, टिचकी मारली तर पोकळ. हा किडा बांबूत शिरतो तो त्यातल्या पिष्टासाठी. तेच त्याचं अन्न. पिष्ट काढून टाकलं तर त्याला बांबूत रस उरत नाही.

म्हणून आजोबा तोडलेले बांबू व्हाळात, म्हणजे ओढ्यात, बुडवून ठेवायचे. वर मोठे धोंडे, नाहीतर तरंगून वर येतात. महिनाभराने बाहेर काढले की त्यांना असा आंबूस, कुबट वास यायचा की आम्ही पोरं नाक धरून लांब पळायचो. तो वास म्हणजे आतलं पिष्ट सडून, धुऊन निघाल्याची खूण. मग ते बांबू सावलीत वाळायचे. तसल्या बांबूचा एक वासा मावशीच्या गोठ्यात अजून आहे.

सेरांनी १८१६ मध्ये बांबू जमवले आणि समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले. बाहेर काढले ते १८१७ मध्ये. व्हाळात बुडवण्याच्या जातीचाच हा उपाय : ओल, खार आणि वेळ. जे बांबू यातून धड निघाले तेच कामाला घ्यायचे. एका वाद्यासाठी वर्षभर नुसतं थांबायचं. मला हे वर्ष फार मोलाचं वाटतं. ऑर्गनचा इतिहास लिहिताना लोक साधारण तो पहिल्यांदा वाजला तिथून सुरुवात करतात. या ऑर्गनचा इतिहास वाळूखाली सुरू होतो.

आणि बांबू बाहेर काढल्यावर खरं काम. धातूची नळी आपण करू तशी होते. बांबू स्वतःच्या मर्जीने वाढलेला असतो : बुडाशी जाड, शेंड्याकडे बारीक, कुठे किंचित चपटा. दर पेरानंतर गाठ, आणि गाठीच्या आत पडदा. तो पडदा फोडून आतली भिंत साफ करायची, नाहीतर हवेचा खांब अखंड राहत नाही. मग फट पाडायची, धार कापायची, वाजवून बघायची, वरून कणभर कापायची, पुन्हा वाजवायची. जास्त कापलं तर नळी कायमची चढते. असं नऊशे वेळा. १८२१ मध्ये ऑर्गन वाजता झाला, पण अजून अपुरा होता.

बांबू जिथे हरला

अपुऱ्या होत्या तुताऱ्या. स्पॅनिश ऑर्गनची ओळखच ती. नळ्या उभ्या नसतात, समोरच्या बाजूने आडव्या बाहेर आलेल्या असतात, आवाज थेट लोकांच्या अंगावर. यांच्या बुडाशी पितळेची पट्टी थरथरते आणि पुढची नळी त्या आवाजाला मोठं आणि तेजाळ करते. म्हणजे ही रांग बासरीकडून सनईकडे झुकलेली. सनईचं तोंड पुढे उमलत जातं, तुतारीचंही. तुतारीच्या नळीला असा शंकूसारखा उमलणारा आकार लागतो आणि बांबू तर सरळसोट. हवा तो आवाज बांबूतून निघेना, तेव्हा सेरांनी या नळ्या धातूच्या केल्या. १८२४ मध्ये त्या बसल्या आणि ऑर्गन पुरा झाला. १२९ धातूच्या नळ्या आल्या त्या अशा.

इथे मावशीने एक आक्षेप घेतला आणि तो बऱ्याच जणांच्या मनात येईल. "मग बांबूचा म्हणून आवाज गोड, असं काही नाही का?" उत्तर थोडं निराश करणारं आहे. आवाज हवेचा असतो. नळीची लांबी, रुंदी, तोंडाची उंची, धार, हवेचा दाब, यांनी त्याची जात ठरते. भिंत कशाची आहे याचा वाटा त्या मानाने फार लहान. पण बांबूच्या जाडीमुळे, गोलाईमुळे, हातात आलेल्या मापांमुळे सेरांना नळ्या एका विशिष्ट घडणीच्या कराव्या लागल्या. तो मऊ, थोडासा श्वास मिसळलेला आवाज त्या घडणीतून येतो. गोडवा बांबूचा आहेच, पण तो कारागिराच्या हातातून आलेला.

कीबोर्ड एकच आहे. पॅरिसचे पाच आठवले तर हे कमी वाटेल. पण स्पॅनिश परंपरेत स्टॉप दोन तुकड्यांत असतात : डाव्या अर्ध्यासाठी वेगळी खुंटी, उजव्या अर्ध्यासाठी वेगळी. त्यामुळे डावा हात मऊ नळ्यांवर साथ करतो आणि त्याच वेळी उजवा हात तुतारीवर चाल वाजवतो. दोन कीबोर्डचं काम एकात.

आणि एक स्टॉप निव्वळ आनंदासाठी आहे. त्याचं नाव पाहारितोस, म्हणजे छोटे पक्षी. बारीक नळ्यांची तोंडं पाण्यात, हवा सोडली की चिवचिवाट. जत्रेत मिळणारी, पाणी घालून फुंकायची चिमणीची शिट्टी तुम्ही लहानपणी वाजवली असेल, तर हा स्टॉप तुम्ही ऐकलेला आहे.

मग तो मुका का झाला

फिलिपिन्स भूकंपांचा आणि वादळांचा देश. १८६० आणि १८८० च्या दशकांत चर्चला तडाखे बसले, छप्पर गेलं, ऑर्गनवर पाऊस आला. नळ्या उतरवून चर्चच्या खोलीत टाकल्या गेल्या आणि पुढची काही दशकं वाद्य गप्प राहिलं. त्या काळात गावात काय काय झालं ते पाहा. लास पिन्यास आणि शेजारच्या बाकोओर गावाच्या मधला सापोते पूल १८९७ मध्ये स्पॅनिशांविरुद्धच्या आणि १८९९ मध्ये अमेरिकनांविरुद्धच्या लढाईत रणभूमी झाला. अशा वेळी खोलीत पडलेल्या बांबूच्या नळ्या चुलीत गेल्या नाहीत, याचंच मला नवल वाटतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे आलेल्या बेल्जियन धर्मगुरूंनी तो अंशतः वाजता केला. पण अर्धवट दुरुस्ती म्हणजे गळक्या कौलांखाली बादली ठेवणं. एका नळीची हवा गळून शेजारच्या नळीत जाते, भात्याचं चामडं तडकतं, झडपा नीट बसत नाहीत आणि न दाबलेला सूर आपोआप कण्हत राहतो. पावसाळ्यात आपली पेटी चिकटते तेव्हा काय होतं हे पेटीवाल्याला विचारा. त्याला हजाराने गुणा.

जर्मनीलाच कशाला न्यायचा?

१९७३ मध्ये ऑर्गन सुटा करून जर्मनीत बॉन शहरी नेला. तिथल्या योहानेस क्लाइस या कारखान्याने काम घेतलं होतं. हा कारखाना १८८२ पासून ऑर्गन बांधतो. "आपल्या वस्तू बाहेर पाठवायच्या आणि परत येतील म्हणून वाट बघायची, मला नाही पटत," मावशी म्हणाली. तिची शंका समजण्यासारखी आहे. पण त्या वेळी फिलिपिन्समध्ये एवढी दुरुस्ती करू शकणारा कारखाना नव्हता.

धोका मात्र खराच होता. दमट हवेत दीडशे वर्षं राहिलेला बांबू जर्मनीच्या हिवाळ्यात, हीटरने कोरड्या पडलेल्या खोलीत ठेवला तर तडतडून फुटेल. म्हणून बॉनला त्याच्यासाठी एका खोलीत फिलिपिन्ससारखी हवा केली, उबदार आणि ओलसर. बाहेर थंडी आणि आत एका खोलीत खाडीकाठचा उन्हाळा, त्यात मांडून ठेवलेले बांबू. हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

उष्णतेचा आणखी एक पेच आहे. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, दर अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. दहा अंशांचा फरक पडला तर बासरीसारख्या नळ्यांचा सूर चढतो, कोमल आणि शुद्ध गंधारातल्या अंतराच्या जवळपास एक तृतीयांशाने. पितळेच्या पट्टीवर चालणाऱ्या तुताऱ्या मात्र तितक्या हलत नाहीत. म्हणजे बांबू पुढे जातो, तुतारी मागे राहते आणि दोघांचं बेसूर होतं. बॉनमध्ये थंड हवेत सूर लावून पाठवला असता तर लास पिन्यासला पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ऑर्गन १३ मार्च १९७५ ला परत आला. तोवर इकडे वास्तुविशारद फ्रान्सिस्को मान्योसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चर्च दुरुस्त करून त्याला जुनं रूप दिलं होतं. ९ मे १९७५ ला जर्मनीतल्या ट्रियरच्या कॅथेड्रलचे ऑर्गनवादक वोल्फगांग ओम्स यांनी तो वाजवला. पुढच्या वर्षापासून तिथे दरवर्षी बांबू ऑर्गन महोत्सव भरतो.

"एवढं बदललं, मग जुनं उरलं काय?"

हा आक्षेप कुठल्याही दुरुस्तीवर येतो. खराब नळ्या बदलल्या, चामडं नवं, हवा विजेच्या पंख्याची. मग हा सेरांचा ऑर्गन कसा?

तंबोऱ्याच्या तारा किती वेळा बदलतात? घोडीवरची जवारी दर काही वर्षांनी नव्याने काढावी लागते. तरी आजोबांचा तंबोरा आजोबांचाच राहतो, कारण भोपळा तो आहे, तारांची मांडणी ती आहे आणि कान लावून बसलेला माणूस त्याच सुराचा शोध घेतोय. ऑर्गनचंही तसंच. कीबोर्डची आणि स्टॉपांची योजना, नळ्यांची मापं, तोंडांची कापणी यांत सेरांचा विचार भरलेला आहे. चांगली दुरुस्ती तो विचार वाचून केलेली असते, त्याच्यावर रंग फासून नव्हे. मला तर वाटतं, ज्या ऑर्गनला कुणी दोनशे वर्षांत हातच लावला नाही तो आज वाजत नसेल. नळ्यांचा ऑर्गन पडून राहिला की मरतो.

"आता इलेक्ट्रॉनिक मिळतो ना, त्याच आवाजाचा?" हेही विचारलं जातं. मिळतो, आणि लहान जागेत त्याचं काम छान होतं. पण त्यात रेकॉर्ड केलेला आवाज दोन-चार स्पीकरांतून येतो. इथे प्रत्येक सुराची जागा वेगळी असते. खर्ज एका कोपऱ्यातून उठतो, पक्षी दुसऱ्या, तुतारी समोरून. दगडी भिंती त्याला उत्तर देतात. शिवाय टाकाऊ झालेला इलेक्ट्रॉनिक भाग तीस वर्षांनी मिळत नाही. बांबू मिळतो.

परक्यांचं वाद्य?

शेवटचा आक्षेप मावशीचा नव्हता, माझ्या भाचीचा होता. ती कॉलेजात इतिहास शिकते. "स्पॅनिशांनी गुलाम केलेल्या देशात स्पॅनिश पाद्र्याने बांधलेली वस्तू. त्यांनी तिचं कौतुक का करायचं?"

हा प्रश्न झटकण्यासारखा नाही. चर्च आणि सत्ता फिलिपिन्समध्ये हातात हात घालून चालल्या, आणि अशा बांधकामांमागे गावकऱ्यांचे श्रम होते, ज्यांची नावं कुठे कोरली नाहीत. पण वस्तू कुणाची हे ती पहिल्यांदा कुणी केली एवढ्यावरच ठरत नाही. आपली पेटी युरोपातूनच आली. १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत; आपल्या संगीतातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, तिच्यावर येत नाही, हा त्यामागचा एक मोठा आक्षेप होता. तेवढ्या वर्षांतही भजनाची पेटी देवळातून कुणी बाहेर काढली नाही. संगीत नाटकातला ऑर्गन तर आपण इतका आपला केला की तो आल्याशिवाय नांदी सुरू झाल्यासारखी वाटत नाही.

लास पिन्यासच्या लोकांनीही निर्णय असाच, कृतीने दिला. नोव्हेंबर २००३ मध्ये फिलिपिन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने या ऑर्गनला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा जाहीर केलं. त्याच सुमारास, २००३-०४ मध्ये, त्याची पुन्हा मोठी दुरुस्ती निघाली. या वेळी पेट्या भरून कुठेही पाठवायला लागल्या नाहीत. जर्मनी आणि ऑस्ट्रियात ही विद्या शिकून आलेल्या फिलिपिनो कारागिरांनी १९९४ मध्ये स्वतःचा कारखाना काढला होता. त्याला नाव दिलं ते दिएगो सेरांचंच. बोहोल बेटावरच्या बाक्लायोन आणि लोबोकच्या जुन्या ऑर्गनांचं कामही पुढे त्यांच्याकडे आलं.

मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि पुढच्या खेपेला बांबू बदलायचा झाला, तर तो मुरवणार कोण?"

तो कारखाना लास पिन्यासमध्येच आहे.